हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर आणि सिस्टरच्या खिशातली चिठ्ठी

वॉर्डात सॉफ्टवेअर खरंच चाललंय की नुसतंच चालू आहे हे बघायचं असेल तर मी त्या रंगीत डॅशबोर्डकडे बघत नाही, सिस्टरच्या खिशाकडे बघते. खिशात चार घड्या घातलेला एक कागद असतो, बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या रिपोर्टचा पाठकोरा, आणि त्यावर बॉलपेनने बारीक अक्षरात बेड नंबर आणि पुढे असं काहीतरी: ३ – एनबीएम (तोंडाने काही द्यायचं नाही), ५ – रक्त आणायचंय, ७ – ६ चं अँटिबायोटिक, ९ – शुगर २ तासांनी, ११ – मुलगा आला की सही. बास. अख्खी ड्युटी त्या चिठ्ठीवर चालते, आणि पलीकडे नर्सिंग स्टेशनवर लाखो रुपयांचं सॉफ्टवेअर चालू असतं ज्यात यातलं जवळजवळ सगळं आधीच भरलेलं आहे. मग चिठ्ठी कशाला?

या एका प्रश्नावर मी गेली ७ वर्षं पगार खातेय म्हटलं तरी चालेल. त्याआधी ११ वर्षं स्टाफ नर्स होते, मुंबईतल्याच दोन हॉस्पिटलांत, मग पाठीचं दुखणं सुरू झालं, नाईट झेपेना, आणि आयटीवाल्यांना वॉर्डातली भाषा कळणारं कुणीतरी हवंच होतं म्हणून तिकडे गेले. तेव्हापासून मी "ती कॉम्प्युटरवाली". वॉर्डातल्या शिव्याही मीच खाते आणि आयटीतल्याही.

आधी एक गोंधळ दूर करूया. हॉस्पिटलात कॉम्प्युटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर बिलिंग काउंटर येतो. ते वेगळं. मी बोलतेय ते क्लिनिकल इन्फर्मेशन सिस्टीमबद्दल, म्हणजे केसपेपर, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास), औषधांचा चार्ट, इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, बाहेर किती आलं), लॅबचे रिपोर्ट, डॉक्टरांच्या ऑर्डरी आणि ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीवाल्यांकडे वॉर्ड सोपवताना, सांगायच्या गोष्टी, हे सगळं एका स्क्रीनवर आणायचा प्रकार. यात सगळ्यात जास्त एन्ट्री कोण करतं? नर्स. डॉक्टर राउंडला येऊन ऑर्डर टाकून जातात, लॅब आपला रिपोर्ट चढवते, पण दिवसरात्र, दर दोन-चार तासांनी, प्रत्येक बेडचं काही ना काही भरत बसायचं काम सिस्टर आणि ब्रदर (म्हणजे पुरुष नर्स) लोकांचं. त्यामुळे सिस्टीम तरली तर त्यांच्यामुळे आणि बुडाली तरी त्यांच्यामुळेच, आणि गंमत म्हणजे खरेदी करताना मीटिंगमध्ये खुर्चीवर नर्स सहसा एकच असते, मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, आणि त्यांनाही चहा आल्यावर विचारतात, "काय सिस्टर, ठीक आहे ना?"

आता "यशस्वी झालं" म्हणजे काय? याचा विचार बऱ्याच लोकांनी करून ठेवलाय. विल्यम डीलोन आणि एफ्रेम मॅक्लीन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९९२ साली एक मॉडेल मांडलं, हॉस्पिटलसाठी असं नाही, कुठल्याही इन्फर्मेशन सिस्टीमसाठी. त्यांचं म्हणणं, यश एका आकड्यात मोजता येत नाही, त्याचे बरेच पदर असतात. सिस्टीम स्वतः कशी आहे (हँग होते का, किती क्लिक लागतात), त्यातून मिळणारी माहिती कशी आहे (ताजी, खरी, पूर्ण), लोक ती वापरतात का, वापरून समाधानी आहेत का, आणि शेवटी त्याने फरक काय पडला. २००३ मध्ये त्यांनीच ते सुधारलं आणि एक गोष्ट नव्याने घातली: सर्व्हिस. म्हणजे अडलं तर मदतीला कोण येतं आणि कधी येतं. वॉर्डात काम केलेल्या कुणालाही ही गोष्ट ११ वर्षं उशिरा आली असंच वाटेल, पण असो.

यातला "वापरतात का" हा पदर नर्सेसच्या बाबतीत पार फसवा आहे. मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये स्लाइड येते, युसेज शंभर टक्के, टाळ्या. अहो, शंभर टक्के असणारच! लॉगिन केल्याशिवाय औषध फार्मसीतून सुटत नाही, डिस्चार्ज होत नाही, मग ती करणार काय? विरारहून सकाळची लोकल शंभर टक्के लोक वापरतात म्हणून कुणी ती आरामशीर आहे असं म्हणत नाही. जिथे वापर सक्तीचा आहे तिथे बघायचं ते हे की बाई एन्ट्री कधी करते. पेशंटजवळ उभी असताना करते, की ड्युटी संपायच्या आधी अर्धा तास बसून सगळ्या बेडचं एकदम ओढून काढते? दोन्हीचा आकडा सारखाच दिसतो. पण दुसऱ्या प्रकारात संध्याकाळी ४ चा ताप सिस्टीममध्ये ७ ला पोचतो, आणि मधल्या ३ तासांत डॉक्टरने घरून मोबाईलवर चार्ट उघडला तर त्यांना पेशंट ठणठणीत दिसतो.

१९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी दुसरं एक मॉडेल मांडलं, जरा जास्त प्रसिद्ध. माणूस नवीन तंत्र स्वीकारतो तो दोन गोष्टी बघून: हे माझ्या कामाचं आहे का आणि हे वापरायला सोपं आहे का. दोन्ही लागतात, पण त्यांना सापडलं की कामाचं असणं जास्त वजनदार ठरतं. हे मला लगेच पटलं. आमच्या वॉर्डातल्या ज्या सिस्टर माउस धरायला घाबरायच्या त्यांनीच वॉर्डाचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवला, ड्युटी लिस्टचा फोटो, कोण लोकलमध्ये अडकलंय, कुणी नाईट बदलून घेईल का, सगळं त्यावर, कुणीही ट्रेनिंग दिलं नव्हतं. तेव्हा "आमच्या नर्सेस टेक-सॅव्ही नाहीत" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्या अगदी आहेत, फक्त ज्याचा त्यांना उपयोग आहे त्याच्यासाठी.

आणि इथेच खरी गोम आहे. जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ साली लिहिलं होतं की बरीच माणसं मिळून वापरतात अशी सॉफ्टवेअर का पडतात, आणि त्यांचं एक कारण असं: जादा काम एकाला करावं लागतं आणि फायदा भलत्यालाच मिळतो. वॉर्डात बघा. सिस्टरने पडण्याचा धोका, बेडसोअरचा धोका, दुखण्याचा स्कोअर, सगळे फॉर्म भरले, त्यातून क्वालिटीवाल्यांचा रिपोर्ट झाला, ॲक्रेडिटेशनच्या (हॉस्पिटलच्या दर्जाच्या शिक्क्याच्या) इन्स्पेक्शनला उपयोगी पडलं, मेडिक्लेमवाल्यांना टीपीएकडे, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीकडे, पाठवायला कागद मिळाले. सिस्टरला काय मिळालं? तिचं एक काम तरी कमी झालं का? बहुतेक ठिकाणी उलट, कारण "सिस्टीम बंद पडली तर" म्हणून रजिस्टरही चालू ठेवलेलं असतं. म्हणजे तोच बीपी तीनदा: चिठ्ठीवर, रजिस्टरमध्ये, कॉम्प्युटरवर. एका इव्हिनिंगला मी नुसती उभी राहून मोजलं होतं, एका सिस्टरने एका पेशंटचं नाव आणि आयपी नंबर (ॲडमिशनचा नंबर) ९ वेळा लिहिला.

हा लिखाणाचा बोजा सगळीकडेच आहे. अमेरिकेत २००८ साली ३६ हॉस्पिटलांमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, नर्सेसचा वेळ नक्की कुठे जातो ते मोजलं, तर नर्सिंगच्या कामातला ३५.३ टक्के वेळ नोंदी करण्यात, आणि प्रत्यक्ष पेशंटच्या सेवेत १९.३ टक्के. पण कॉम्प्युटरने हा बोजा वाढतोच असंही नाही हं. २००५ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एक आढावा निघाला होता, त्यात पेशंटच्या पलंगाजवळ कॉम्प्युटर दिल्यावर नर्सेसचा नोंदींचा वेळ २४.५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, नर्सिंग स्टेशनवरच्या डेस्कटॉपनेही २३.५ टक्क्यांनी. डॉक्टरांचा मात्र कॉम्प्युटरवर ऑर्डर घालायला उलट बराच जास्त वेळ जाऊ लागला. म्हणजे वेळ वाचू शकतो. फक्त जुनं लिखाण काढून टाकायची हिंमत दाखवावी लागते, आणि रजिस्टर बंद करायच्या फायलीवर सही करायला आपल्याकडे कुणी तयार नसतं.

बारकोडची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९९२ ची गोष्ट, अमेरिकेत कॅन्सस राज्यात टोपेका नावाच्या गावी माजी सैनिकांसाठीचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथल्या सू किनिक नावाच्या नर्स भाड्याची गाडी परत करायला गेल्या, तर तिथल्या माणसाने हातातल्या छोट्या यंत्राने गाडीवरचा बारकोड टिपला आणि झालं काम. त्यांच्या मनात आलं, गाडीसाठी हे होतं तर औषध देताना का नाही? पेशंटच्या मनगटावरची पट्टी स्कॅन करायची, औषध स्कॅन करायचं, चुकीचं असेल तर यंत्र ओरडेल. त्याच हॉस्पिटलात ते आधी करून बघितलं आणि पुढे त्या सरकारी यंत्रणेने देशभरातल्या आपल्या हॉस्पिटलांत नेलं. कल्पना नर्सची, अडचण नर्सची, म्हणून उपयोगही नर्सला. आणि उपयोग खरंच आहे, बॉस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मोजलं तेव्हा औषध देण्यातल्या चुका (वेळेच्या चुका सोडून) ११.५ टक्क्यांवरून ६.८ वर आल्या.

पण तेच बारकोड दुसरीकडे कसं वापरलं गेलं तेही ऐका. रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ५ हॉस्पिटलांतला अभ्यास छापला, त्यांना बारकोडला बगल देण्याच्या १५ तऱ्हा सापडल्या आणि त्यामागची ३१ कारणं. पेशंटच्या पट्टीची जादा प्रत काढून कुणी ती ट्रॉलीवर चिकटवली होती, कुणी स्कॅनरवर, कुणी दाराच्या चौकटीवर, कुणी पट्ट्याच्या कडीत अडकवून फिरत होतं. पेशंट एकीकडे आणि त्याचा बारकोड एकीकडे! वाचताना हसू येतं, पण कारणं वाचली की येत नाही: पट्टी चुरगळलेली, भिजलेली, स्कॅनरची बॅटरी गेलेली, नेटवर्क नाही, औषधावर बारकोडच नाही. आळस हे कारण त्यांनी धरलेलं नाही, आणि मीही धरत नाही. काम अडलं की माणूस वाट काढतो, मुंबईत तर काढतोच. चर्चगेटला पूल बंद असेल तर माणूस घरी जायचा थांबतो का?

आपल्याकडे यात एक खास अडचण आहे. तिकडे प्रत्येक गोळी वेगळ्या छोट्या पाकिटात बारकोडसकट येऊ शकते. इथे फार्मसीतून येते १० च्या पत्त्यातून कात्रीने कापलेली ४ गोळ्यांची पट्टी. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० औषधांच्या ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणं सरकारने बंधनकारक केलंय, चांगली गोष्ट, पण कोड असतो एका कोपऱ्यात आणि कात्री कुठून चालेल ते कोण सांगणार. मी एका ब्रदरला बघितलंय, हातात गोळ्यांचा कापलेला तुकडा, स्कॅनर त्याच्यावरून तीनदा फिरवला, लाल दिवा, मग खिशातून त्याच औषधाच्या रिकाम्या पत्त्याचा जपून ठेवलेला कोपरा काढला, तो स्कॅन केला, हिरवा दिवा. गोळी बरोबर होती, पेशंट बरोबर होता. पण यंत्राने जे तपासलं तो खिशातला कागद होता. वॉर्डातल्या फळ्यावर त्या महिन्याचं स्कॅनिंग ९० टक्क्यांच्या वर, आणि आयटीच्या मीटिंगमध्ये मी ते सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "कोण ब्रदर?" मी नाव सांगितलं नाही. फार्मसीला सांगून पत्ता कोडाच्या बाजूने न कापता दुसऱ्या टोकाने कापायला लावला, आणि सुट्या औषधांसाठी तिथेच चिकटवायला छोटे स्टिकर छापायची सोय केली. सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षरही बदललं नाही.

सॉफ्टवेअर चांगलं की वाईट या वादात फार अर्थ नाही हे सांगणारं सगळ्यात दुखरं उदाहरण पिट्सबर्गच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलाचं आहे. तिथे डॉक्टरांच्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर घालायची पद्धत अगदी थोड्या दिवसांत सगळीकडे एकदम लागू केली. नंतर, २००५ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की दुसरीकडून हलवून आणलेल्या गंभीर मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण आधीच्या २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेलं. काय झालं होतं? आधी पेशंट ॲम्ब्युलन्समध्ये असतानाच टीम औषधं तयार ठेवायची. आता पेशंट दारात येऊन रजिस्टर झाल्याशिवाय सिस्टीम ऑर्डर घेईना. वॉर्डातली औषधं उचलून मध्यवर्ती फार्मसीत नेलेली. आणि जी नर्स पलंगाशी असायची, डॉक्टरला बघूनच पुढचं काम समजायची, ती आणि डॉक्टर दोघंही स्क्रीनकडे गेली. पुढच्याच वर्षी सिॲटलच्या मुलांच्या हॉस्पिटलातून अभ्यास आला, सॉफ्टवेअर तेच, तिथे मृत्यूंमध्ये अशी वाढ नाही. त्यांनी आधी तयारी वेगळी केली होती, नेहमी लागणाऱ्या ऑर्डरींचे तयार संच करून ठेवले होते. (पिट्सबर्गच्या आकड्यांवर नंतर वादही झाले, पण ॲम्ब्युलन्सवाला भाग मी कुठल्याही आयसीयू सिस्टरला सांगितला की ती "हो ना" म्हणते, तिला समजावून सांगावं लागत नाही.)

आता ती सर्व्हिस. रात्री २ वाजता ड्रग चार्ट उघडत नाहीये, हेल्पडेस्कला फोन लावला, पलीकडून "मॅडम, तिकीट रेज करा," म्हणजे आधी कॉम्प्युटरवर तक्रार नोंदवा. अहो पेशंटला झटके येतायत! त्या रात्रीनंतर ती सिस्टर आयुष्यात कधी त्या सिस्टीमवर पूर्ण विश्वास टाकणार नाही, तुम्ही पुढे कितीही सुधारा. १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवतोय? सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, लोकल जिथल्या तिथे. आमच्याकडे जनरेटर लगेच सुरू झाला, व्हेंटिलेटर, मॉनिटर सगळं व्यवस्थित, कॉम्प्युटरही चालू, आणि सिस्टीम मात्र ठप्प. का, तर मजल्यावरचा नेटवर्कचा डबा लाल सॉकेटमध्ये नव्हता, साध्या सॉकेटमध्ये होता. लाल सॉकेट म्हणजे जनरेटरवरचं. पावणेदोन तास लागले हे कळायला, आणि सापडलं कुणाला, तर वॉर्डातल्या मामांना (वॉर्डबॉयना), ते पंखा कुठून चालू होतोय ते शोधत होते. तोपर्यंत सगळ्यांनी काय वापरलं असेल? पाठकोरे कागद. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ला झाला तेव्हा तर दोनेक आठवडे काम हाताने करावं लागलं होतं. म्हणून सिस्टर चिठ्ठी सोडत नाही यात तिचं काय चुकलं मला सांगा.

ट्रेनिंगवर फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. नाईट करून आलेल्या बायकांना एसी हॉलमध्ये बसवून दोन तास प्रेझेंटेशन दाखवायचं आणि सही घ्यायची, हे ट्रेनिंग नव्हे. उपयोग होतो तो वॉर्डातलीच एखादी हुशार सिस्टर दोन आठवडे ड्युटीतून मोकळी ठेवून इतरांच्या शेजारी उभी करण्याचा. पण तिची ड्युटी कोण भरणार, यावर गाडी अडते.

भीतीचं मात्र बोलायला हवं. सॉफ्टवेअर प्रत्येक एन्ट्रीवर वेळेचा शिक्का मारतं. ६ चं इंजेक्शन ६ ला दिलं, पण त्याच वेळी १४ नंबरचा पेशंट कोसळला, एन्ट्री करायला ७:१० वाजले, सिस्टीममध्ये लाल: उशीर. महिन्याच्या शेवटी मेमो. एका ठिकाणी असे मेमो निघायला लागले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं एकदम वेळेवर झालं, इतकं वेळेवर की बघूनच कळत होतं: सिस्टर लोक आधी एन्ट्री करून मग औषध द्यायला जायला लागले. फळ्यावर हिरवं, आणि चार्टवर दिलेलं औषध प्रत्यक्षात अजून ट्रेमध्ये. जी गोष्ट नोंदवली की शिक्षा होते तिची खरी नोंद कुणी का करेल?

तर ती चिठ्ठी. दोन वर्षांपूर्वी मी एका मेडिकल वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरना सरळच विचारलं, तुमच्या लोकांच्या चिठ्ठ्या मला महिनाभर देता का, ड्युटी संपल्यावर फेकायच्या आधी? त्या २६ वर्षं नोकरी झालेल्या, मूळच्या कोट्टायमच्या, मराठी आमच्यापेक्षा फर्डं. म्हणाल्या, "अगं कचरा घेऊन काय करणार तू?" पण दिल्या. औषधाच्या रिकाम्या खोक्यात साठवल्या होत्या. मी घरी जमिनीवर पसरून बसले, नवऱ्याला वाटलं मी पुन्हा परीक्षेला बसतेय. बहुतेक सगळ्या चिठ्ठ्यांची ठेवण एकच: बेड नंबरप्रमाणे एक ओळ, आणि त्या ओळीत फक्त जे अजून करायचं बाकी आहे तेच. झालेलं काही नाही. आणि आमची सिस्टीम बरोबर उलटी होती, पेशंट उघडा, मग टॅब उघडा, मग काय काय झालं ते वाचा. ३८ बेडचं बाकी काम एका नजरेत दाखवणारा स्क्रीनच नव्हता. त्यात सगळी माहिती होती, पण ती मिळवायला ३८ वेळा आत-बाहेर करावं लागत होतं.

तो स्क्रीन करायला आमच्या डेव्हलपर मुलाला ९ दिवस लागले. त्यात पहिले ४ दिवस तो मला पटवत होता की हातातल्या टॅब्लेटच्या स्क्रीनवर दिसलं की प्रिंटची गरज काय. मी त्याला एक पूर्ण इव्हिनिंग वॉर्डात उभं केलं, दोन्ही हातांत ग्लोव्ह्ज घालून. नंतर त्याने स्वतःहून प्रिंटचं बटण टाकलं. आता ओव्हर घेताना बाकी कामांचा एक ए-फोर कागद निघतो, तोच खिशात जातो, आणि ओव्हर देताना त्याच्यावरच्या खुणा बघून एन्ट्री पक्की होते. रजिस्टर? ते अजून चालू आहे, त्याच्या फायलीवर सही व्हायची आहे.

मी परवा गेले तर इन्चार्ज सिस्टरनी खिशातला कागद काढून दाखवला. छापलेल्या ओळींच्या बाजूला पेनने लिहिलं होतं: ४ – रात्री रडत होत्या, विचारणे. १२ – सुनेला आत सोडू नये म्हणतात. १७ – चहा कपात नको, ग्लासात. "याला जागाच ठेवली नाही तुम्ही," म्हणाल्या. उजवीकडे चार बोटं रिकामी सोडा म्हणे. आयटीवाल्या पोराने विचारलं त्यासाठी एक वेगळा कॉलम करू का, ड्रॉपडाउनसकट. "अजिबात नको," त्या म्हणाल्या, "नुसतं कोरं सोड."

सोडलंय. आता तक्रार आहे की चार बोटं कमी पडतात.